विकले कोणी, घेतले कोणी? : जीवाश्म इंधनांतील निर्गुंतवणुकीची चिकित्सा

‘निर्गुंतवणूक’ हा शब्द मराठी वाचकाला अर्थसंकल्पाच्या बातम्यांतून माहीत झाला. १९९१ नंतर सरकार आपल्या मालकीच्या कंपन्यांतला काही हिस्सा बाजारात विकू लागले आणि त्या विक्रीला हे नाव पडले. या अर्थाची एक मोठी निर्गुंतवणूक ऑक्टोबर २०१० मध्ये झाली. कोल इंडिया या जगातल्या सर्वांत मोठ्या कोळसा कंपनीचे दहा टक्के भाग सरकारने दर भागाला २४५ रुपये या भावाने विकायला काढले. किरकोळ गुंतवणूकदारांना पाच टक्के सवलत होती. सरकारच्या तिजोरीत पंधरा हजार कोटींहून अधिक रुपये आले. ४ नोव्हेंबरला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, भागाची बाजारात नोंदणी झाली आणि पहिल्याच दिवशी भाव ३४० च्या पुढे गेला. मीही अर्ज भरला होता आणि मलाही थोडे भाग मिळाले होते. त्या दिवाळीत आमच्या घरी त्याचे कौतुक झाले, हे इथे कबूल केलेले बरे.

त्यानंतर दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांतून याच शब्दाचा दुसरा अर्थ ऐकू येऊ लागला. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपन्यांतली आपली गुंतवणूक विद्यापीठांनी, चर्चनी, निवृत्तिवेतन निधींनी काढून घ्यावी, कारण या कंपन्यांचा धंदा पृथ्वी तापवण्याचा आहे, असा हा आग्रह होता. आपल्याकडची निर्गुंतवणूक तिजोरीसाठी, त्यांची सदसद्विवेकासाठी. पण व्यवहार पाहिला तर दोन्हीकडे एकच गोष्ट घडते. एक जण भाग विकतो, दुसरा घेतो. खाण जिथे होती तिथेच राहते.

या लेखाचा विषय हा दुसरा अर्थ आहे. ही चळवळ आता बारा-तेरा वर्षांची झाली. तिचा गौरव करणारे पुष्कळ आहेत, तिची टर उडवणारेही आहेत. तिचा मूळ युक्तिवाद नीट तपासून पाहिला तर त्यातले काय टिकते आणि काय गळून पडते, हे मला पाहायचे आहे.

तीन आकडे, आणि एक राहून गेलेला

चळवळीचा पायाभूत मजकूर म्हणजे बिल मॅकिबेन यांचा ‘रोलिंग स्टोन’ मासिकात जुलै २०१२ मध्ये आलेला लेख. त्यात तीन आकडे होते. पहिला, दोन अंश सेल्सिअस : यापलीकडे तापमानवाढ जाऊ नये, असे जगातल्या सरकारांनी मान्य केलेले. दुसरा, ५६५ अब्ज टन : ही मर्यादा पाळायची तर शतकाच्या मध्यापर्यंत आणखी एवढाच कार्बन डायऑक्साइड हवेत सोडता येईल. तिसरा, २,७९५ अब्ज टन : कंपन्यांच्या आणि कंपन्यांसारख्या वागणाऱ्या देशांच्या ताब्यात असलेले ज्ञात साठे जाळले तर एवढा वायू बाहेर पडेल. भागाकार सोपा आहे. साठ्यांपैकी साधारण एक पंचमांशच जाळता येईल, उरलेले चार पंचमांश जमिनीतच राहिले पाहिजेत. आणि कंपन्यांच्या बाजारभावात तर हे सगळे साठे विकले जाणारच, असे गृहीत धरलेले असते.

लेखाचा परिणाम मोठा झाला. हवामानबदल हा तोवर ‘आपल्या सगळ्यांची’ चूक म्हणून सांगितला जात होता : दिवे बंद करा, सायकल वापरा. मॅकिबेन यांनी गुन्ह्याला पत्ता दिला. दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीविरुद्ध १९८० च्या दशकात विद्यार्थ्यांनी जे शस्त्र वापरले, तेच पुन्हा हाती घ्या, असे त्यांचे सांगणे होते.

लेखातले साठ्यांचे आकडे ‘कार्बन ट्रॅकर’ या लंडनच्या संस्थेच्या २०११ च्या अहवालातून आलेले आहेत. त्या अहवालात आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते सगळी मेख त्यातच आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या शंभर कोळसा कंपन्या आणि शंभर तेल-वायू कंपन्या यांच्याकडचे साठे जाळले तर ७४५ अब्ज टन वायू निघेल. म्हणजे २,७९५ पैकी जेमतेम सव्वीस-सत्तावीस टक्के. उरलेला बहुतेक माल सरकारांच्या, सरकारी कंपन्यांच्या ताब्यात आहे. सौदी अरेबिया, रशिया, इराण, व्हेनेझुएला, कुवेत, चीन. हार्वर्डने आपले भाग विकले म्हणून यांपैकी कोणाच्या विहिरीवर परिणाम होणार? त्यांचे भाग हार्वर्डकडे नव्हतेच.

उलट बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ७४५ हा आकडा एकटाच ५६५ हून मोठा आहे. नोंदलेल्या कंपन्यांनी आपले सगळे जाळले तरी मर्यादा ओलांडली जाते. म्हणून त्यांना जाब विचारणे चुकीचे ठरत नाही. पण रोगाचे मोजमाप पूर्ण २,७९५ वर करायचे आणि औषध चौथ्या हिश्शालाच पोचेल असे द्यायचे, ही विसंगती लेखात आहे आणि ती नंतरच्या चळवळीतही कायम राहिली.

डिसेंबर २०१९ मध्ये सौदी आराम्को या सरकारी तेल कंपनीचे दीड टक्का भाग बाजारात आले आणि अडीच हजार कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. तोवरच्या जगाच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी भागविक्री होती. एका अर्थाची निर्गुंतवणूक ऐन भरात असताना दुसऱ्या अर्थाच्या निर्गुंतवणुकीने असा विक्रम केला.

हार्वर्डचा नकार आणि हार्वर्डचा होकार

ऑक्टोबर २०१३ मध्ये हार्वर्डच्या तेव्हाच्या अध्यक्षा ड्रू फॉस्ट यांनी विद्यार्थ्यांची मागणी जाहीर पत्राने नाकारली. विद्यापीठाचा निधी तेव्हा तीन हजार कोटी डॉलरच्या वर होता. फॉस्ट यांचे म्हणणे थोडक्यात असे : हा निधी शिक्षणासाठी आहे, राजकीय परिवर्तनाचे हत्यार म्हणून नाही, आपण विकल्याने कंपन्यांना काही फरक पडणार नाही, शिवाय ज्यांचे इंधन आपण रोज वापरतो त्यांच्यातली गुंतवणूक तेवढी निषिद्ध मानणे, यात विसंगती आहे.

यातला दुसरा मुद्दा खरा आहे, त्याकडे पुढे येतो. तिसरा वरवर बिनतोड वाटतो, पण तो लंगडा आहे. ज्याच्याकडे दुसरी सोय नाही त्याने बाजारातले इंधन वापरणे आणि त्याच इंधनाच्या वाढत्या खपावर नफ्याची पैज लावणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दुष्काळात सावकाराकडून कर्ज घेणारा आणि सावकारीत भांडवल घालणारा एकाच पंक्तीत बसत नाहीत. पहिला मुद्दा तर इतिहासच खोडतो : वर्णद्वेष आणि तंबाखू या दोन्ही बाबतींत हार्वर्डने पूर्वी काही भाग विकलेले होते.

विद्यार्थी हटले नाहीत. नोव्हेंबर २०१९ मध्ये हार्वर्ड-येल फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरात दोन्ही विद्यापीठांचे विद्यार्थी मैदानात उतरून बसले आणि खेळ खोळंबला. सप्टेंबर २०२१ मध्ये फॉस्ट यांच्यानंतरचे अध्यक्ष लॅरी बॅको यांनी कळवले की, जीवाश्म इंधनाचे साठे शोधणाऱ्या वा विकसित करणाऱ्या कंपन्यांत विद्यापीठाची थेट गुंतवणूक आता नाही आणि पुढेही करायचा विचार नाही; खासगी निधींमार्फत जी अप्रत्यक्ष गुंतवणूक आहे ती दोन टक्क्यांहून कमी असून मुदतीनुसार संपेल. त्या पत्रात ‘निर्गुंतवणूक’ हा शब्द मात्र नव्हता. आठ वर्षांच्या आंदोलनाला मान तुकवली, पण तोंडाने कबुली दिली नाही. हा विजय खराच आहे. पण तो कशावरचा विजय आहे? हार्वर्डवरचा. कोळशावरचा म्हणता येत नाही.

इथे आणखी एका आकड्याची झाडाझडती घ्यायला हवी. २०२१ च्या अखेरीस सुमारे दीड हजार संस्थांनी निर्गुंतवणुकीची घोषणा केली असून त्यांची मालमत्ता जवळपास ४० लाख कोटी डॉलर आहे, असे चळवळीकडून सांगितले गेले. बातम्यांत हा आकडा असा फिरला की जणू एवढी रक्कम तेल-कोळशातून बाहेर पडली. प्रत्यक्षात हा त्या संस्थांच्या एकूण मालमत्तेचा आकडा आहे. त्यातला जीवाश्म इंधनातला हिस्सा लहान, आणि काहींची घोषणा फक्त कोळशापुरती. गावातल्या दीडशे घरांनी दारू सोडली म्हणून त्या घरांचे सगळे उत्पन्न दारूतून वाचले, असे कोणी म्हणेल का? चांगल्या कामाला असल्या हिशेबाची गरज नसते आणि असल्या हिशेबाने काम बदनाम होते.

विकलेला भाग जातो कुठे?

आता मूळ प्रश्न. मी भाग विकतो तेव्हा कंपनीच्या खात्यातून एक पैसाही जात नाही. तो व्यवहार माझा आणि घेणाऱ्याचा. कोल इंडियाच्या २०१० च्या विक्रीतही कंपनीला काही मिळाले नव्हते, पैसे सरकारला गेले होते. त्या विक्रीने खाण वाढली नाही, तशी माझ्या विक्रीने खाण घटणारही नाही.

यावर उत्तर दिले जाते की, पुष्कळांनी विकले तर भाव पडेल, आणि भाव पडला की कंपनीला नवे भांडवल महाग पडेल. तत्त्वतः हे बरोबर आहे. पण भाव पडला की स्वस्तात घेणारा उभा राहतो. हॅरिसन हाँग आणि मार्चिन काचपेरचिक या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये दारू, तंबाखू, जुगार या धंद्यांच्या भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोठ्या संस्था हे भाग टाळतात आणि जे टाळत नाहीत त्यांना त्यावर जास्त परतावा मिळतो, असे त्यांना दिसले. म्हणजे माझ्या विवेकाची किंमत विवेक नसलेल्याच्या खिशात जमा होते.

याचा अनुभव मी घेतला आहे. २०१९ च्या अखेरीस मी माझे कोल इंडियाचे भाग विकले. भाव दोनशेच्या आसपास होता, म्हणजे नऊ वर्षांपूर्वी घेतले त्याहूनही कमी. विकताना बरे वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये तोच भाव पाचशेच्या वर गेला होता आणि मधल्या काळात कंपनीने भरघोस लाभांशही दिला. माझे भाग ज्याने घेतले त्याचे भले झाले. कंपनीचे उत्पादन २०१०-११ मध्ये ४३१ दशलक्ष टन होते, ते २०२४-२५ मध्ये ७८१ दशलक्ष टन झाले. माझ्या विक्रीने त्यातला एक डबाही कमी भरला गेला नाही. नुकसान झाले याची खंत नाही. पण विकल्यावर जे बरे वाटले होते, ते कशाचे होते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

आपल्या भाषेत त्याला नेमका शब्द आहे : सोवळे. सोवळ्यात असलेला माणूस स्वतःपुरता शुद्ध असतो. गावातली घाण त्याने काढलेली नसते, तो फक्त तिला शिवलेला नसतो. गुंतवणुकीच्या यादीला सोवळे नेसवता येते. नॉर्वेचे उदाहरण बघा. तेल-वायूच्या उत्पन्नातून उभा राहिलेला त्यांचा राष्ट्रीय निधी जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी आहे. २०१५ मध्ये तिथल्या संसदेने त्या निधीला कोळशावर अवलंबून असलेल्या कंपन्यांतून बाहेर पडायला लावले. २०१९ मध्ये फक्त तेल-वायूचा शोध आणि उत्खनन करणाऱ्या कंपन्यांतून टप्प्याटप्प्याने बाहेर पडायचे ठरले. त्याच वर्षी ऑक्टोबरात उत्तर समुद्रातल्या योहान स्वेरद्रुप या प्रचंड तेलक्षेत्रातून नॉर्वेचे स्वतःचे उत्पादन सुरू झाले. हा निर्णय नॉर्वेच्या हिशेबाने शहाणपणाचा होता : ज्याचे उत्पन्नच तेलाचे, त्याने बचतही तेलात ठेवू नये. पण त्याला हवामानासाठीचा त्याग म्हणणे कठीण आहे.

कंपन्यांनीही हाच मार्ग धरला. रिओ टिंटोने २०१८ पर्यंत आपल्या सगळ्या कोळसा खाणी विकल्या. घेणाऱ्यांत ग्लेनकोर होती. अँग्लो अमेरिकनने २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतला कोळसा थुंगेला या वेगळ्या कंपनीत काढला. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर कोळसा कडाडला आणि थुंगेलाच्या भागांचा भाव काही पटींनी वाढला. २०२४ मध्ये ग्लेनकोरने आपला कोळसा वेगळा काढायचा बेत भागधारकांना विचारून सोडून दिला. खाणींचे मालक बदलले, कोळसा निघतच राहिला.

दक्षिण आफ्रिकेत नेमके काय चालले?

इथे थांबलो तर मी चळवळीच्या टीकाकारांत जमा होईन. बिल गेट्स यांनी २०१९ मध्ये म्हटले होते की, निर्गुंतवणुकीने आजवर कदाचित शून्य टन उत्सर्जन कमी केले असेल. थेट परिणामापुरते ते चूक नाही. पण ज्या उदाहरणावर ही चळवळ उभी आहे ते दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण बारकाईने पाहिले की वेगळे काही दिसते.

स्यू हाँग तिओह, आयव्हो वेल्च आणि पॉल वझ्झान यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, विद्यापीठे आणि निवृत्तिवेतन निधींनी भाग विकल्याचा तिथल्या कंपन्यांच्या भावांवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. तरीही १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेची अर्थव्यवस्था हादरली. हादरा दिला तो कर्जाने. त्या वर्षीच्या जुलैअखेर चेस मॅनहॅटन बँकेने दक्षिण आफ्रिकेच्या अल्प मुदतीच्या कर्जांचे नूतनीकरण थांबवले. इतर बँका मागोमाग आल्या. रँड कोसळला आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सरकारला परतफेडच स्थगित करावी लागली. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून निर्बंधांचा कायदा केला आणि नवी गुंतवणूक बंद केली.

चेसने हे नैतिक साक्षात्काराने केले नाही. देशात आणीबाणी लागली होती, धोका वाढला होता. पण अमेरिकेत त्या धंद्याला जी काळिमा लागली होती, ती लावण्यात विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, आणि काँग्रेसचा कायदा त्या वातावरणाशिवाय झाला नसता. ऑक्सफर्डच्या स्मिथ स्कूलमधल्या अतिफ अन्सार, बेन कॅल्डेकॉट आणि जेम्स टिलबरी यांनी २०१३ च्या अहवालात हाच निष्कर्ष काढला. भागविक्रीचा थेट आघात किरकोळ, खरा आघात कलंकाचा. त्यांनी तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक मोहिमेच्या पाठोपाठ निर्बंध घालणारा कायदा आला होता. शेल कंपनीने २०१७ सालच्या वार्षिक अहवालात निर्गुंतवणुकीच्या मोहिमेची नोंद धंद्याला असलेला धोका म्हणून केली, ती उगीच नव्हे.

कायदा आणि कर्ज ही चावणारी दोन शस्त्रे. भागविक्री ही त्यांच्यापुढे वाजणारी हलगी. हलगीला कमी लेखू नये, तिच्यावाचून गर्दी जमत नाही. पण हलगी वाजली म्हणजे काम झाले, असेही समजू नये.

आपल्या इतिहासात याचे दोन दाखले आहेत. भारताने जुलै १९४६ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, तिथल्या भारतीयांवरच्या जमीन कायद्याच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला. तो सरकारी निर्णय होता आणि तो थेट मालावर होता. दुसरा दाखला १९०५ चा. पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, पण जळालेल्या कापडाचे पैसे गिरणीवाल्याला आधीच मिळाले होते. बहिष्काराची धार पुढचे कापड न घेण्यात होती. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्काराच्या शेजारी स्वदेशी आहे, आणि त्याच काळात अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. एकेक पैसा गोळा करून भांडवल. कुठून काढायचे याच्याबरोबर कुठे घालायचे, हा प्रश्न त्या पिढीने सोडला नव्हता.

गॅलिलीचे खोरे आणि मुंबईची बँक

कर्ज रोखण्याचा प्रयोग हवामानाच्या बाबतीत कुठे झाला? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये, गॅलिली खोऱ्यात, अदानी समूहाच्या कारमायकल खाणीवर. मूळ आराखडा वर्षाला ६० दशलक्ष टनांचा आणि साडेसोळा अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चाचा होता. तिथल्या पर्यावरणवाद्यांनी आणि वांगन व जगालिंगू या आदिवासी समूहातल्या विरोधकांनी लढा दिला, आणि मोहिमेने बँका गाठल्या. २०१५ मध्ये स्टँडर्ड चार्टर्ड आणि कॉमनवेल्थ बँक सल्लागाराच्या भूमिकेतून बाहेर पडल्या. एप्रिल २०१७ मध्ये वेस्टपॅकने नव्या कोळसा खोऱ्यांना कर्ज न देण्याचे धोरण जाहीर केले. त्या वर्षअखेर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राच्या सवलतीच्या कर्जाला नकाराधिकार वापरण्याचे जाहीर केले. शेवटी नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने वर्षाला १० दशलक्ष टनांपासून सुरुवात करणारी छोटी खाण स्वतःच्या पैशाने काढायचे ठरवले. २०२१ च्या डिसेंबरअखेर पहिला माल जहाजात भरला जात होता.

याला यश म्हणायचे की अपयश? माझ्या मते दोन्ही. खाण थांबली नाही, पण कित्येक वर्षे लांबली आणि मूळ आराखड्याच्या सहाव्या हिश्शाने सुरू झाली. जगभरच्या कोणत्याही भागविक्रीने एवढे साधले असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

या कथेत मुंबईही आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये पंतप्रधानांच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात स्टेट बँकेने या प्रकल्पाला एक अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देण्याचा सामंजस्य करार केला होता. तो पुढे फळाला आला नाही. २०२० मध्ये कर्जाची चर्चा पुन्हा निघाली, तेव्हा बँकेचे हरित रोखे घेतलेल्या फ्रान्सच्या अमुंदी या कंपनीने, हे कर्ज दिलेत तर आम्ही रोखे विकू, असे जाहीर बजावले. त्याच सुमारास सिडनीच्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्यात एक आंदोलक स्टेट बँकेच्या नावाचा फलक घेऊन मैदानात शिरला. आपण घरी बसून तो सामना पाहिला. त्या फलकावरची बँक आपली आहे, आपल्या बचत खात्याची आहे, हे किती जणांच्या मनात आले?

आपले हात

परदेशातली मागणी जशीच्या तशी इथे आणली तर काय होईल? कोल इंडियात सरकारचा वाटा आजही सुमारे ६३ टक्के आहे. सरकारखालोखालच्या मोठ्या भागधारकांत एलआयसी आहे. २०१५ मध्ये सरकारने आणखी दहा टक्के विकले, तेव्हाही एलआयसीने मोठी खरेदी केली होती. भविष्य निर्वाह निधीच्या नव्या रकमेतला १५ टक्क्यांपर्यंतचा वाटा शेअर बाजाराशी जोडलेल्या फंडांत जातो. त्यात सरकारी कंपन्यांचे फंडही आले आहेत आणि त्यांत कोल इंडिया, ओएनजीसी, एनटीपीसी आहेत. म्हणजे ज्याने जन्मात शेअर घेतला नाही, असा शिक्षक किंवा कारकूनही कोळशात गुंतलेला आहे. आणि त्याला विकण्याचा पर्याय नाही, कारण त्याने विकत घेतलेच नव्हते.

गुंतवणूक बाजूला ठेवली तरी हात मोकळे होत नाहीत. रेल्वेच्या मालवाहतुकीच्या उत्पन्नातला जवळजवळ निम्मा भाग कोळसा देतो, आणि त्या उत्पन्नातून प्रवासी भाड्याची तूट भरली जाते. विदर्भातून मुंबईला स्वस्तात येणाऱ्या सामान्य डब्यातल्या प्रवाशाच्या तिकिटात कोळसा आहे. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॉटच्या केंद्राची राख तिथल्या लोकांच्या छपरावर पडते आणि वीज राज्यभर जाते. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींवर पगारी कामगार आहेत, त्यांहून असुरक्षित असे कंत्राटी कामगार आहेत, त्यांच्यावर चालणारी चहाची टपरी आणि शाळेची रिक्षा आहे. येलच्या मैदानात बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हिशेबात ही माणसे नव्हती. तो त्यांचा दोष म्हणत नाही. आपल्या हिशेबात मात्र ती पहिल्या रकान्यात यायला हवीत.

न्यायाचा मुद्दाही आहे. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकन माणसामागे चौदाच्या आसपास. ‘आधी त्यांनी थांबावे’ हे म्हणणे या हिशेबाने योग्यच. पण उष्णतेची लाट दरडोई उत्सर्जन विचारून येत नाही. चंद्रपूरचा मे महिना कामगाराला सोसावा लागतो, त्यात अमेरिकेच्या वाट्याचे ऊनही असते. दुसऱ्याच्या अपराधाचा दाखला आपल्या छताला सावली देत नाही.

मग भाग विकू नयेत, ठेवून प्रश्न विचारावेत, असे म्हणणारा पक्ष आहे. मे २०२१ मध्ये ‘इंजिन नंबर वन’ या छोट्या फंडाने जेमतेम ०.०२ टक्के भाग हाती असताना, मोठ्या निधींची मते मिळवून एक्झॉन मोबिलच्या संचालक मंडळात तीन माणसे निवडून आणली. मोठी खळबळ झाली. पण २०२३ मध्ये त्याच एक्झॉनने सुमारे सहा हजार कोटी डॉलरला पायोनियर ही शेल तेलाची कंपनी घेण्याचा करार केला. म्हणजे प्रश्न विचारण्यालाही मर्यादा आहेत. आणि कोल इंडियात तर ६३ टक्के मते एकाच मालकाची. तिथे भागधारकाच्या ठरावाला कागदापलीकडे किंमत नाही.

पण तो मालक कोण? आपण निवडलेले सरकार. इथे चळवळीचा युक्तिवाद आपल्यापुरता उलटा होतो. अमेरिकेत विद्यार्थ्यांना कंपनीपर्यंत पोचायला विद्यापीठाच्या निधीची शिडी लागली, कारण कंपनी खासगी होती. आपल्याकडे खाण सार्वजनिक, बँक सार्वजनिक, विमा सार्वजनिक, वीज केंद्राला कर्ज देणारी पॉवर फायनान्स कॉर्पोरेशनही सरकारच्या ताब्यातली. आपण भागधारक म्हणून दुबळे असलो तरी नागरिक म्हणून मालक आहोत. आज देशातली निम्मी स्थापित वीजक्षमता जीवाश्म इंधनाबाहेरची झाली आहे, तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत सत्तर टक्क्यांहून अधिक कोळसाच आहे. पुढची वीस वर्षे कशी जातील, हे आता मंजूर होणारी कर्जे ठरवतील, आज कोण कोणाला जुने भाग विकतो यावरून ते ठरणार नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. नव्या कोळसा प्रकल्पांना किती कर्ज मंजूर केले, हे सार्वजनिक बँकांनी आणि वित्तसंस्थांनी दर वर्षी ठळकपणे सांगावे. पॉलिसीधारकांचा किती पैसा कोळशात आहे, तो बुडीत निघण्याचा धोका किती धरला आहे, हे एलआयसीने सांगावे. खाणजिल्ह्यांतल्या खनिज प्रतिष्ठानचा निधी खाण बंद झाल्यानंतरच्या रोजगारासाठी किती राखला, हे जिल्ह्याने सांगावे. यांतल्या कशातही सोवळे नाही. यात कोळसा वापरणाऱ्यानेच कोळशाचा हिशेब मागायचा आहे, आणि त्याला तो हक्क आहे.

माझे भाग आता दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यात आहेत. ते विकल्याने कंपनीच्या वार्षिक सभेत उभे राहून एक प्रश्न विचारण्याचा माझा हक्कही गेला. पॉलिसी मात्र अजून चालू आहे. तिच्या हप्त्याची पावती आली की त्यावरच्या पत्त्यावर वरचा दुसरा प्रश्न मी लेखी पाठवणार आहे. उत्तर येईल याची खात्री नाही, पण हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांना विचारता येईल.